कामकरी माणसाची कंबर व तिचा व्यायाम

(धर्मग्रामाच्या सभागृहांत महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवी व्याख्यानमालेंत इतिहास, शिक्षण, भाषा असे भारदस्त विषय घेण्याची चाल आहे, आणि ती योग्यच आहे. आम्हीं मात्र चालकांजवळ कंबरेचा विषय मागून घेतला. त्यांना प्रथम हंसूं आलें; परंतु हंसतां हंसतां त्यांतील दोघांनीं आपापल्या पाठीवर हात ठेवलेला आम्हीं पाहिला, आणि विषय मंजूर झाला.

विषय हंसण्यासारखा खचित नाहीं. सन २०२० मध्यें जगांत सुमारें ६१ कोटि ९० लक्ष माणसें कंबरदुखीनें पीडित होतीं, व सन २०५० पर्यंत ही संख्या ८४ कोटींच्या वर जाईल, असा जगांतील रोगांची मोजदाद करणाऱ्या अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसास जिवें न मारतां निकामी करणारे जे विकार आहेत त्यांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला लागतो. हे आंकडे जगाचे झाले. आपल्या वसई तालुक्यापुरतें पाहावयाचें तर आंकड्यांची गरज नाहीं. पहांटेच्या लोकलच्या फलाटावर दहा मिनिटें उभें राहिलें म्हणजे पुरे. वाडींत ओणवून फुलें खुडणारी बाई, भाजीची पाटी उचलणारी तिची जाऊ, बंदरावर जाळें ओढणारा कोळी, रुग्णाला कुशीवर वळविणारी परिचारिका, दिवसभर फळ्यापुढें उभी असणारी शिक्षिका, रिक्षावाला, गवंडी, आणि आठ तास संगणकापुढें बसून पुन्हां दीड तास गाडींत उभा राहणारा कारकून, ह्या सर्वांचीं कामें निरनिराळीं, परंतु दिवेलागणीचें गाऱ्हाणें एकच.

आणि ह्या लोकांस जो उपदेश मिळतो तो बहुधा ज्यांस काम सोडून घरीं बसतां येतें अशा माणसांकरितां केलेला असतो. महिनाभर विश्रांति घ्या, वांकूं नका, वजन उचलूं नका! जिच्या पाटीवर घरची चूल पेटते तिनें वजन उचलूं नये, तर मग करावें काय, हें सांगणारा कोणी भेटत नाहीं. सबब आजचें आमचें बोलणें काम करीत राहणाऱ्या, किंबहुना काम करीत राहणें ज्यांस भागच आहे, अशा माणसांपुरतें आहे.

प्रथम दुखण्याची ओळख करून घेऊं. शेवटच्या बरगडीच्या खालीं आणि नितंबांच्या घडीच्या वर जें दुखतें तें कंबरेचें दुखणें. एकाएकीं उसण भरावी तसें आलेलें दुखणें पुष्कळदां कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरतें. जें बारा आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसतें त्यास जुनाट म्हणतात. येथें एक गोष्ट ऐकून आपणांस नवल वाटेल. जुनाट कंबरदुखीच्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें नव्वद जणांच्या बाबतींत, 'हेंच तुझ्या दुखण्याचें मूळ' असें बोट ठेवून दाखवितां येईल, असा एकही दोष सांपडत नाहीं. मणका सरकला, चकती झिजली, गॅप आला, नस दबली, ही भाषा आपल्याकडे घरोघर बोलली जाते. आणि एकदां का ती कानांत शिरली कीं माणूस स्वतःची पाठ कांचेच्या भांड्यासारखी जपूं लागतो.

मणक्यांमधील चकतीवर हा सारा दोष कां येतो, त्यासही इतिहास आहे. बोस्टन येथील मिक्स्टर व बार ह्या दोन शस्त्रवैद्यांनीं सन १९३४ मध्यें चकती फुटून नसेवर दाब येतो हें दाखवून दिलें. तें खरेंच होतें, व कांहीं रोग्यांत आजही खरें आहे. परंतु पुढें प्रत्येक कंबरेचें खापर चकतीवरच फुटूं लागलें, आणि एम्. आर्. आय्. चें यंत्र आल्यापासून तर चकतीचें चित्रच हातांत मिळूं लागलें. ह्या चित्रांविषयीं सन २०१५ मध्यें एक मोठें संकलन प्रसिद्ध झालें. ज्यांची पाठ मुळींच दुखत नाहीं अशा ३,११० माणसांचीं चित्रें त्यांत एकत्र विचारांत घेतलीं होतीं. वीस वर्षें वयाच्या निरोगी माणसांपैकीं शेंकडा ३७ जणांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. ऐंशीव्या वर्षीं हेंच प्रमाण शेंकडा ९६ होतें. चकती फुगून बाहेर आलेली अशी विशीचीं माणसें शेंकडा ३० होतीं, आणि ऐंशीचीं ८४. ह्यांपैकीं कोणासही दुखत नव्हतें, हें विसरूं नये. जुन्या घराच्या उंबरठ्यास पावलांनीं खळगा पडतो. म्हणून कांहीं घर पडावयास झालें असें आपण म्हणत नाहीं. तेव्हां ज्यांच्या कपाटांत असें चित्र मोठ्या लिफाफ्यांत जपून ठेवलें असेल, त्यांनीं तें तेथेंच राहूं द्यावें. रोज काढून पाहूं नये.

मग दुखतें तें खोटें काय? मुळींच नाहीं. दुखणें खरें आहे. परंतु दुखण्याच्या मानानें मोडतोड असतेच असें नाहीं. दुखणें लांबलें म्हणजे मज्जातंतू अधिक हळवे होतात, व एरव्हीं जें जाणवलेंही नसतें तें टोंचूं लागतें. झोंप कमी झाली, कर्जाची वा नोकरीची काळजी लागली, कीं हा हळवेपणा वाढतो. त्यांतच भीति शिरते. दुखेल म्हणून माणूस वांकत नाहीं; वांकत नाहीं म्हणून कण्याच्या दोहों बाजूंचे व नितंबांचे स्नायु दुबळे होतात; दुबळ्या स्नायूंस नेहमींचें काम झेपत नाहीं, आणि मग थोड्या कामानेंही दुखतें. रहाटाचा बैल फिरतो तशी ही फेरी चालूच राहते. व्यायामाचें खरें कार्य ती फेरी तोडण्याचें आहे. स्नायु बळकट होणें हा तर लाभ आहेच, परंतु 'ही कंबर वांकली तरी मोडत नाहीं' असा भरंवसा पुन्हां येणें हा त्याहून मोठा लाभ, असें आमचें मत आहे.

अंथरुणांतील विश्रांतीविषयीं दोन शब्द बोललेच पाहिजेत, कारण आपल्या घरांतील वडीलधारी मंडळी आजही तीच सुचवितात. आणि त्यांना दोष देतां येत नाहीं, कारण एके काळीं वैद्य व डॉक्टरही तेंच सांगत. सन १९८६ मध्यें अमेरिकेंत कांहीं रोग्यांस दोन दिवस व कांहींस सात दिवस निजून राहण्यास सांगून पाहिलें. सात दिवस निजलेल्यांना अधिक गुण आला नाहीं; त्यांचे कामाचे दिवस मात्र अधिक बुडाले. पुढें सन १९९५ मध्यें फिनलंडांतील हेल्सिंकी शहराच्या नोकरवर्गांतील १८६ जणांवर असाच प्रयोग झाला. त्यांत झेपेल तितकें नेहमींचें काम करीत राहिलेले लोक सर्वांत लौकर बरे झाले. हे दोन्ही प्रयोग नव्यानें धरलेल्या कंबरेचे होते. जुनाट दुखण्यांत निजून राहणें तर अधिकच नडतें.

आतां व्यायामाकडे वळण्यापूर्वीं एक महत्त्वाची सूचना. कांहीं लक्षणें अशीं आहेत कीं तीं असतां व्यायाम बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टर गांठला पाहिजे. लघवी अडणें किंवा लघवी-शौचावरचा ताबा जाणें, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणें, पाय लुळा पडूं लागणें, ह्यांपैकीं कांहींही झालें तर दुसऱ्या दिवसाचीही वाट पाहूं नये. रात्र असली तरी इस्पितळांत जावें. पडल्यावर वा अपघातानंतर सुरू झालेलें दुखणें, पूर्वीं कर्करोग होऊन गेलेल्या माणसाचें दुखणें, आणि दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्याचें दुखणें, हीं तपासून घ्यावीं. तसेंच रोज संध्याकाळीं बारीक ताप, रात्रीं घाम, वजन उतरणें आणि निजूनही न थांबणारी पाठदुखी हीं एकत्र दिसलीं तर आपल्या देशांत क्षयाची शंका घेतलीच पाहिजे. क्षय फुप्फुसांप्रमाणें मणक्यासही होतो. पर्सिव्हल पॉट ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें त्याचें वर्णन सन १७७९ मध्येंच करून ठेवलें आहे. आज तो औषधानें बरा होतो. मात्र व्यायामानें बरा होत नाहीं, हें लक्षांत ठेवावें.

हें सारें नसेल तर व्यायामास हरकत नाहीं. व्यायामानें किती गुण येतो? सन २०२१ मध्यें जुनाट कंबरदुखीवरील व्यायामाचे २४९ प्रयोग एकत्र करून कॉक्रेन ह्या संस्थेनें निवाडा दिला. दुखण्यास शून्य ते शंभर असे गुण दिले, तर कांहींच न करणाऱ्यांपेक्षां किंवा केवळ नेहमींचे उपचार घेणाऱ्यांपेक्षां व्यायाम करणाऱ्यांचें दुखणें सरासरीनें सुमारें पंधरा गुणांनीं कमी झालें. पंधरा म्हणजे फार नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्याचें दुखणें पन्नासावर आहे त्याचें पस्तीसावर आलें, तर तो रात्रीं झोंपतो व सकाळीं कामावर जातो. कामकरी माणसास एवढा फरक पुष्कळ झाला. सात दिवसांत मुळासकट घालवितों असें सांगणारा कोणी भेटला तर त्यास दुरूनच नमस्कार करावा.

व्यायाम कोणता, ह्याविषयीं पंडितांत पुष्कळ वाद झाले. अमेरिकेच्या विल्यम्सनें सन १९३७ मध्यें पुढें वांकण्याचे व्यायाम पुरस्कारिले. न्यूझीलंडांत वेलिंग्टन येथें मॅकेंझी नांवाच्या व्यायामोपचारकाची हकीकत तर मौजेची आहे. सन १९५६ मध्यें त्याचा एक रोगी चुकून उशाकडील बाजू वर उचललेल्या पलंगावर पालथा निजला, व उपचारक दुसऱ्या कामांत गुंतल्यामुळें कांहीं मिनिटें तसाच पाठ मागें वांकवून पडून राहिला. मॅकेंझी घाबरून धांवत आला तों रोगी म्हणाला, पायांतली कळ गेली! त्यावरून मॅकेंझीनें मागें वांकण्याची सगळी पद्धति बसविली. पुढें कॅनडांतील मॅक्गिल ह्यानें वांकण्यापेक्षां कणा स्थिर धरण्यावर भर दिला. कोणता व्यायाम अधिक चांगला ह्याच्या तुलना पुष्कळ झाल्या, परंतु एकानें दुसऱ्यास चीत केलें असें दिसत नाहीं. जो तुमच्याकडून नियमानें होईल तो चांगला. आमची आवड विचाराल तर थोडें चालणें आणि त्याच्या जोडीस पांच-सहा साधे प्रकार. कारण त्यांस ना पैसा लागतो, ना जागा.

चालण्याचा महिमा सन २०२४ मध्यें ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथील प्रयोगानें चांगलाच सिद्ध झाला. नुकतीच कंबरदुखींतून उठलेलीं ७०१ माणसें त्यांत होतीं. अर्ध्यांना चालण्याचा क्रम आंखून दिला व व्यायामोपचारकानें अधूनमधून मार्गदर्शन केलें. हळूहळू वाढवीत सहा महिन्यांत आठवड्यांतून पांच दिवस अर्धा अर्धा तास चालण्यापर्यंत त्यांस नेलें. दुखणें उलटण्यास चालणाऱ्यांत मध्यमानानें २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२. ज्यांना अर्धा तास सलग मिळत नाहीं त्यांनीं दहा दहा मिनिटांचे तीन तुकडे करावे. स्टेशनपर्यंत रिक्षा न करतां चालत जावें, हा उपाय तर पैसे वांचवून होणारा आहे.

घरीं करावयाचे प्रकार आम्ही सावकाश सांगतों. चटईवर उताणें निजावें, गुडघे उभे, तळवे जमिनीस टेकलेले. कंबरेखालची पोकळी जमिनीस दाबून लावावी, पुन्हां सोडावी. श्वास कोंडूं नये. हें दहा वेळां. ह्यानें सुरुवात एवढ्यासाठीं करावी कीं भ्यालेल्या कंबरेसही ह्याची भीति वाटत नाहीं. त्याच स्थितींत मग टांचांवर भार देऊन नितंब वर उचलावे, गुडघे ते खांदे एक रेघ होईल इतके. पांच अंक मोजून खालीं आणावे. जोर मांडीच्या मागें व नितंबांत जाणवला पाहिजे, कंबरेंत नव्हे. कंबरेंत जाणवला तर कमी उचलावें.

तिसरा प्रकार लहान मुलाप्रमाणें रांगण्याच्या बैठकींत होतो. उजवा हात पुढें व डावा पाय मागें जमिनीस समांतर ताणावा, आणि पाठीवर पाण्यानें भरलेला पेला ठेवला आहे अशा कल्पनेनें धड स्थिर ठेवावें. पांच ते दहा अंक मोजून बाजू बदलावी. प्रथम दोन्ही जमत नसेल तर नुसता पाय मागें न्यावा. चौथा प्रकार कुशीवर निजून, कोपर व वांकविलेले गुडघे टेकवून कंबर जमिनीपासून वर धरण्याचा. तो सर्वांत कठीण, म्हणून उतावीळ करूं नये. पांचवा मॅकेंझीच्या पलंगाची आठवण देणारा: पालथें निजून कोपरांवर छाती उचलावी व दोन मिनिटें तसेंच राहावें. येथें एक खूण पाहावी. पायांतील कळ आंखडत कंबरेकडे येऊं लागली तर तें सुचिन्ह. उलट कळ खालीं पोटरीकडे सरकूं लागली तर हा प्रकार सोडून द्यावा. म्हाताऱ्या मंडळींपैकीं ज्यांना उभें राहिल्यानें पाय भरून येतात व बसल्यावर बरें वाटतें, त्यांना मागें वांकणें बहुधा मानवत नाहीं. त्यांनीं तो करूंच नये.

सहावा प्रकार आमच्या विशेष आवडीचा, कारण तो व्यायामही आहे व कामाची शिकवणही आहे. केरसुणीचा दांडा किंवा बांबूची काठी पाठीमागें उभी धरावी. ती डोक्याचा मागचा भाग, खांद्यांमधली पाठ आणि माकडहाड ह्या तीन ठिकाणीं टेकलेली असावी. आतां गुडघे किंचित् मोडून नितंब मागें नेत नेत पुढें वांकावें. काठी तिन्ही ठिकाणीं टेकलेलीच राहिली तर तुम्ही कंबरेंतून न वांकतां जांघेंतून वांकत आहां. पाटी, घमेलें, घागर, मूल, जें काय उचलावयाचें तें असें जवळ घेऊन उचलावें. शिवाय खुर्चीवरून हातांचा आधार न घेतां दहा वेळां उठणें-बसणें. हा प्रकार कचेरींतही होतो व कोणाच्या लक्षांतही येत नाहीं.

प्रमाणाविषयीं फार सांभाळावें. पुष्कळ लोक चांगल्या दिवशीं उत्साहानें चाळीस वेळां करतात, दुसऱ्या दिवशीं अंथरुणास खिळतात, व व्यायामानेंच घात केला असें सांगत सुटतात. वाईट दिवशींही जितकें जमेल तितकें प्रथम ठरवावें. समजा आठ जमतात, तर पांचांपासून आरंभ करावा, आणि दर आठवड्यास एक किंवा दोन वाढवावे. चांगला दिवस आला म्हणून ठरल्याहून जास्त नाहीं, वाईट आला म्हणून एकदम बंद नाहीं. करतांना थोडें दुखलें तर भिण्याचें कारण नाहीं. दुसऱ्या सकाळपर्यंत तें पहिल्या पातळीवर आलें म्हणजे प्रमाण बरोबर आहे असें समजावें. नाहीं आलें, तर दोन पायऱ्या खालीं उतरावें. आठवड्यांतून तीन दिवस हे प्रकार व बहुतेक दिवस चालणें, असें निदान दोन-तीन महिने केल्याशिवाय गुण आला कीं नाहीं ह्याचा निकाल देऊं नये.

वेळ कोणती? उठल्याबरोबर नव्हे. रात्रभर आडवें राहिल्यानें मणक्यांमधील चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळीं माणूस संध्याकाळपेक्षां सुमारें एक सेंटिमीटर, कधीं त्याहूनही अधिक, उंच असतो. अशा ताणलेल्या चकत्यांवर खोल वांकण्याचा भार जास्त पडतो. सन १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगांत सकाळच्या पहिल्या कांहीं तासांत वांकणें टाळल्यानेंच जुनाट दुखणें कमी झालें. आतां वाडींत पहांटे कामास लागणाऱ्या भगिनी म्हणतील, मोगरा उन्हें चढेपर्यंत थांबत नाहीं. बरोबर आहे. तरी पण घरांतील उभ्यानें करावयाचीं कामें आधीं उरकावीं, वाडीपर्यंत पायीं जावें, उंच झाडांची तोडणी आधीं घ्यावी, आणि ओणवें होण्याचें काम जितकें मागें लोटतां येईल तितकें लोटावें. अर्ध्या तासाचाही उपयोग होतो.

एक आक्षेप आम्हांस प्रत्येक ठिकाणीं ऐकावा लागतो, आणि तो रास्त आहे. 'दिवसभर राबतों तो व्यायाम नव्हे काय? वर आणखी व्यायाम कशाला?' ह्याचें उत्तर असें कीं कामांत किती वेळां वांकावयाचें हें काम ठरवितें. व्यायामांत तें तुम्ही ठरवितां. कामांत एकच बाजू, एकच ओणवेपणा, शेंकडों वेळां. कंबर थकली तरी थांबण्याची सोय नाहीं. व्यायामांत कामानें जें केलें नाहीं तें करावें. दिवसभर पुढें वांकणाऱ्यानें मागें वांकावें. दिवसभर बसणाऱ्यानें चालावें व उठबस करावी. खुरपतांना एक गुडघा जमिनीस टेकावा व दर वाफ्यास गुडघा बदलावा. पाटी उचलतांना दोघींनीं मिळून उचलावी. ह्यांत लाज कसली? रिक्षावाल्यानें भाडें उतरतांच आपणही खालीं उतरून पाठ मागें ताणावी. ओट्यापुढें उभें राहणाऱ्या गृहिणीनें एक पाय पाटावर ठेवावा व मधून मधून बदलावा. कचेरींतल्या माणसानें अर्ध्या तासाहून अधिक वेळ एका बैठकींत बसूं नये. आपल्या उपासनेंत बसणें, उभें राहणें व गुडघे टेकणें ह्यांची जी अदलाबदल आहे ती कंबरेच्या दृष्टीनेंही उपकारक आहे. व्याख्यानांत तशी सोय नाहीं, म्हणून ज्यांना उठून भिंतीशीं उभें राहावेंसें वाटेल त्यांनीं खुशाल राहावें.

पट्ट्याविषयीं दोन शब्द. आपल्या गांवांत कंबरेचा पट्टा हें जणूं दुखण्याचें प्रमाणपत्र झालें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें डिसेंबर २०२३ मध्यें जुनाट कंबरदुखीविषयीं जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली तींत पट्टे व वजन लावून ओढणें हे उपाय बहुतेक रोग्यांस करूं नयेत असें म्हटलें आहे. अफूच्या वर्गांतील वेदनाशामकेंही देऊं नयेत असें आहे. व्यायाम, दुखण्याविषयीं नीट माहिती, मालिश, आणि भीति व काळजी ह्यांवरील मानसोपचार ह्यांस मात्र तिनें पाठिंबा दिला आहे. साध्या वेदनाशामक गोळ्यांस तिची मनाई नाहीं. परंतु ज्या गोळ्या दुकानांतून आपणच मागून वर्षानुवर्षें घेतल्या जातात त्या पोटांत व्रण पाडतात व मूत्रपिंडें बिघडवितात. मधुमेह व रक्तदाब असणाऱ्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय त्यांस हात लावूं नये.

सूर्यनमस्कारांविषयीं कोणीतरी विचारील म्हणून आधींच सांगतों. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि ह्यांनीं महाराष्ट्रांत त्यांचा मोठा प्रसार केला, आणि निरोगी शरीरास व्यायाम म्हणून ते उत्तम आहेत. लोणावळ्याच्या कैवल्यधामानेंही सन १९२४ पासून योगासनांचा शास्त्रीय अभ्यास चालविला. परंतु दुखऱ्या कंबरेनें पहिल्याच दिवशीं गुडघ्यांस कपाळ लावण्याचा हट्ट धरूं नये; तो प्रकार सहा महिन्यांनीं करून पाहावा.

मध्येंच दुखणें उसळतें, तें सर्वांचेंच उसळतें. तसें झालें म्हणजे सारें केलेलें पाण्यांत गेलें असें नव्हे. दोन दिवस प्रमाण निम्म्यावर आणावें, गरम पाण्याच्या पिशवीनें शेकावें, घरांतल्या घरांत का होईना पण चालत राहावें, आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हां एकेक पायरी चढावी.

आतां जें बोलावयाचें आहे तें विशेषेंकरून येथें बसलेल्या पुरुषवर्गास उद्देशून आहे. घरांतील पुरुषाची कंबर धरली म्हणजे सारें घर थांबतें; तेल गरम होतें, शेजारी विचारपूस करतात. बाईची धरली तर ती पदर खोंचून स्वयंपाक करते, आणि तिच्या दुखण्याची घरांत वाच्यताही होत नाहीं. बाळंतपणानंतर पोटाचे स्नायु सैल पडलेले असतात, त्यांतच तान्हें कडेवर. कित्येकींचें दुखणें तेव्हांपासून मुक्कामास येतें. वर आम्हीं जे प्रकार सांगितले त्यांस वीस मिनिटें लागतात. घरांतील बाईस तीं वीस मिनिटें दिवसांतून कोणी मिळूं देत नाहीं, हेंच पुष्कळ घरांत औषध न लागू पडण्याचें कारण असतें. संध्याकाळीं वीस मिनिटें मूल सांभाळणें किंवा भाजी निवडणें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. पण तो सोडविल्याशिवाय चटई पसरूनही उपयोग नाहीं. मुलगे मोठे असतील तर त्यांनाच हें काम सांगावें. ज्या घरांत सासू व सून दोघींची कंबर दुखते तेथें दोघींनीं मिळून करावें. एकटीपेक्षां दुकटीचा नेम अधिक दिवस टिकतो.

आमचें बोलणें येथें पुरें झालें. पुढील दोन बाकें कडेला सारून तेथें चटया घातल्या आहेत. ज्यांना हे प्रकार प्रत्यक्ष करून पाहावयाचे असतील त्यांनीं पुढें यावें. भगिनींसाठीं आंतील खोलींत वेगळी व्यवस्था आहे. पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा ज्यांना जाणवत असेल त्यांनीं मात्र आज चटईवर न येतां प्रथम आम्हांस एकीकडे भेटावें. काठ्या पुरेशा नाहींत, तेव्हां ज्यांनीं छत्र्या आणल्या आहेत त्यांनीं त्या बरोबर घ्याव्या. लांब दांड्याची छत्री चालेल.